विटा रचणारे हात आणि घराखालची जमीन

परदेशात जाऊन गरजू कुटुंबांची घरे बांधण्याच्या स्वयंसेवेला जगभर प्रतिष्ठा मिळाली आहे. या उपक्रमांतून नेमके काय उभे राहते आणि मुंबईच्या उपनगरांसारख्या ठिकाणी ते कोठे अडते, याचा हा आढावा.

ऑक्टोबर २००६ च्या अखेरीस मावळ तालुक्यातील पाटण या छोट्या गावाकडे साऱ्या जगाच्या वृत्तवाहिन्यांचे कॅमेरे वळले होते. लोणावळ्याजवळच्या मळवली स्थानकापासून थोड्या अंतरावर, विसापूर किल्ल्याच्या पायथ्याशी हे गाव वसले आहे. अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर व त्यांच्या पत्नी रोझलिन तेथे हातात थापी घेऊन भिंतीच्या विटा रचत होते. कार्टर यांचे वय तेव्हा ८२ वर्षांचे, तर रोझलिन यांचे ७९. त्यांच्यासोबत देशविदेशांतून आलेले सुमारे दोन हजार स्वयंसेवक होते. जॉन अब्राहम यांनी त्यात भाग घेतला आणि चित्रीकरणासाठी पुण्यात आलेले हॉलिवूडचे अभिनेते ब्रॅड पिट यांनीही एक दिवस घमेली उचलली. आठवडाभरात १०० घरे उभारण्याचा हा उपक्रम 'हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी' या संस्थेचा होता.

रोझलिन कार्टर यांचे नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि जिमी कार्टर यांचे २९ डिसेंबर २०२४ रोजी, वयाची शंभरी ओलांडल्यानंतर, निधन झाले. त्यांना वाहिलेल्या आदरांजल्यांत घरबांधणीच्या कामाचा उल्लेख आवर्जून झाला आणि तो रास्तही होता. सत्ता गेल्यानंतर सुमारे साडेतीन दशके दरवर्षी एक आठवडा सुताराचे व गवंड्याचे काम करणारा राष्ट्राध्यक्ष इतिहासात विरळाच. मात्र आदराचा भाग बाजूला ठेवला तर एक प्रश्न उरतोच. विमानाने हजारो मैल ओलांडून आलेल्या, आयुष्यात कधी ओळंबा हाती न धरलेल्या माणसाने आठवडाभर विटा रचल्याने बेघरांचा प्रश्न किती सुटतो? हा प्रश्न मुंबईच्या उपनगरांतील वाचकांना दोन कारणांनी जवळचा आहे. 'हॅबिटॅट'च्या भारतीय शाखेचे कार्यालय अनेक वर्षे अंधेरी पूर्वेला मरोळ येथे राहिले आहे. दुसरे कारण असे की, परदेशी विद्यापीठांत प्रवेश घेऊ पाहणाऱ्या उपनगरांतील मुलामुलींना आता 'परदेशातील स्वयंसेवा' हा सुटीचा एक पर्याय म्हणून सांगितला जातो. कालपर्यंत स्वयंसेवक आपल्याकडे येत होते. आता आपली मुलेही स्वयंसेवक म्हणून बाहेर जाऊ लागली आहेत.

पाटणचा आठवडा

या कामाची पद्धत आधी समजून घ्यायला हवी. मिलार्ड व लिंडा फुलर या दांपत्याने १९७६ मध्ये अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात 'हॅबिटॅट'ची स्थापना केली. भारतातील तिचे काम १९८३ मध्ये, आता तेलंगणात असलेल्या खम्मम येथे सुरू झाले. कार्टर दांपत्य १९८४ पासून या कामाशी जोडले गेले. संस्थेचे तत्त्व असे की, घर दान म्हणून द्यायचे नाही. कुटुंबाने स्वतः बांधकामावर श्रम करायचे, परवडेल अशा हप्त्यांनी घराची किंमत फेडायची आणि त्या परतफेडीतून पुढच्या कुटुंबाचे घर उभे राहायचे. परदेशी स्वयंसेवक प्रवासाचा खर्च स्वतः करतात आणि शिवाय ठरावीक देणगीही देतात.

छायाचित्रांत दिसते ते या साखळीचे शेवटचे टोक होय. आठवडाभरात घर उभे करायचे, तर त्याआधी कित्येक महिने काम चालावे लागते. जागा निश्चित करणे, कागदपत्रे पूर्ण करणे, कुटुंबांची निवड, कर्जाची व्यवस्था, भूखंडाची आखणी, पाया भरणे, पाणी आणि रस्ता ही सारी कामे स्वयंसेवक विमानात बसण्यापूर्वी झालेली असावी लागतात. ती करणारी माणसे स्थानिक असतात. त्यांत तलाठ्यापासून मुकादमापर्यंत आणि बचतगटाच्या अध्यक्षांपासून संस्थेच्या पगारी अभियंत्यापर्यंत अनेकांचा समावेश होतो. स्वयंसेवक परतल्यानंतर राहिलेले काम गवंडी, प्लंबर व वायरमन पूर्ण करतात. म्हणजे परदेशी हातांच्या वाट्याला येतो तो बांधकामातील सर्वांत दृश्य, सर्वांत समाधान देणारा आणि खर्चाच्या दृष्टीने सर्वांत स्वस्त भाग.

हिशेब काय सांगतो

दोन हजार स्वयंसेवक आणि १०० घरे, म्हणजे एका घरामागे सरासरी २० माणसे. पाच दिवसांचे काम धरले तर एका घरासाठी १०० मनुष्यदिवस होतात. हा हिशेब ढोबळ आहे, कारण प्रत्येक जण पूर्ण आठवडा राहतोच असे नाही. तरीही आपल्याकडे बांधकामावर मजुरांची टंचाई कधी होती, हा प्रश्न त्यातून पुढे येतोच. अंधेरी, कांदिवली, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड यांपैकी कोणत्याही उपनगरातील मजूर नाक्यावर सकाळी चक्कर मारावी. थापी, रंधा, रंगाचे ब्रश घेतलेली माणसे काम मिळेल या आशेने उभी असतात आणि दहा वाजून गेले की त्यांतील अनेक जण तसेच परततात. त्यांच्यासाठी इमारत व इतर बांधकाम कामगारांचा कायदा १९९६ मध्ये झाला. कल्याणकारी मंडळही आले. मात्र नोंदणी व प्रत्यक्ष लाभ यांतील अंतराच्या तक्रारी संपलेल्या नाहीत. ज्या देशात कुशल हात कामाची वाट पाहत उभे आहेत, तेथे अकुशल हात विमानाने आणणे हा व्यवहार अर्थशास्त्राच्या कोणत्याही कसोटीवर टिकत नाही.

याचा अभ्यासही झाला आहे. मध्य अमेरिकेतील होंडुरास या देशाला १९९८ मध्ये 'मिच' या चक्रीवादळाने उद्ध्वस्त केले. त्यानंतर अमेरिकेतून अनेक गट घरे बांधण्यासाठी तेथे गेले. कर्ट व्हेर बीक या समाजशास्त्रज्ञाने परदेशी गटांनी बांधलेल्या घरांची आणि स्थानिक संस्थांनी स्थानिक मजुरांकडून बांधून घेतलेल्या घरांची तुलना करून २००६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. योगायोग असा की, पाटणचा उपक्रम त्याच वर्षी पार पडला. तेथे एक घर सुमारे दोन हजार डॉलरमध्ये उभे राहत होते. एका गटाचा प्रवास व मुक्कामाचा खर्च मात्र त्याच्या कित्येक पट होता. घर मिळालेल्या कुटुंबांच्या पुढील आयुष्यात दोन्ही प्रकारांत उल्लेखनीय फरक आढळला नाही. पाहुणे आल्याचा आनंद लोकांनी बोलून दाखवला. तरी प्रवासावरचा पैसा आणखी घरांवर खर्च झाला असता तर बरे झाले असते, असेही त्यांतील अनेकांचे मत होते.

स्वयंसेवेच्या समर्थकांचा यावरचा युक्तिवाद असा की, परतलेला स्वयंसेवक आयुष्यभर या कामाचा पाठीराखा होतो. तो देणग्या देतो, इतरांना सांगतो, आपल्या देशाच्या धोरणावर दबाव आणतो. होंडुरासच्या अभ्यासाने या समजुतीलाही धक्का दिला. परतल्यानंतर स्वयंसेवकांच्या देणग्यांत वा वागणुकीत झालेला बदल त्यांना स्वतःला वाटत होता त्याहून फारच थोडा होता. अर्थात एका देशातील एका अभ्यासावरून साऱ्या जगाचा निवाडा करता येणार नाही. पण स्वयंसेवेचे मोल केवळ तिच्या भावनेवर ठरवू नये, एवढे तरी त्यातून स्पष्ट होते.

हातांपलीकडचे काही

मग परदेशी स्वयंसेवकांचे येणे निरर्थकच का? तसे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. १९२० मध्ये पहिल्या महायुद्धाने उद्ध्वस्त झालेल्या फ्रान्समधील एका गावात पिएर सेरेसोल या स्विस शांततावाद्याने पहिले श्रमशिबिर घेतले. कालपर्यंत एकमेकांवर गोळ्या झाडणाऱ्या राष्ट्रांच्या माणसांनी एकत्र येऊन घरे बांधावीत, ही त्यामागची कल्पना होती. त्यातून 'सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल' ही संघटना जन्मली. १९३४ च्या भूकंपाने बिहार हादरला तेव्हा हेच सेरेसोल भारतात आले आणि त्यांनी साथीदारांसह गावांच्या पुनर्उभारणीत भाग घेतला. गोऱ्या माणसाने साहेब म्हणून न येता मजूर म्हणून घमेले उचलणे, याला पारतंत्र्यातील त्या काळात विटांपेक्षा मोठा अर्थ होता.

याच संघटनेचे निरनिराळ्या देशांतील स्वयंसेवक पुढे महाराष्ट्रातही आले. बाबा आमटे यांनी वरोऱ्याजवळ सुरू केलेल्या आनंदवनात पन्नासच्या दशकात त्यांनी दवाखान्याच्या बांधकामावर श्रम केले. त्या काळी कुष्ठरुग्णांनी पिकवलेला भाजीपाला घ्यायलाही आसपासचे लोक धजत नसत. परदेशातून आलेली धडधाकट तरुण मुले त्याच माणसांसोबत राहतात, त्यांनी पिकवलेले अन्न खातात, हे वरोऱ्याच्या लोकांनी डोळ्यांनी पाहिले आणि भीतीची भिंत ढासळू लागली. तेथे गवंड्यांची उणीव नव्हती. उणीव होती ती कुष्ठरुग्णांच्या शेजारी बसणाऱ्या माणसांची. ती उणीव परक्यांनी भरून काढली. पुढे १९६७ मध्ये बाबांनी सोमनाथ येथे तरुणांच्या श्रमसंस्कार छावण्या सुरू केल्या, तेव्हा त्यांचाही रोख बांधकामापेक्षा माणसांच्या घडणीवर होता.

उपनगरांतील उदाहरण तर कार्टर यांच्याच घरातले आहे. त्यांच्या आई लिलियन कार्टर १९६६ मध्ये, वयाच्या ६८ व्या वर्षी, 'पीस कोअर' या अमेरिकी स्वयंसेवा योजनेतून भारतात आल्या आणि विक्रोळीच्या गोदरेज वसाहतीत राहिल्या. पेशाने त्या परिचारिका होत्या. कुटुंबनियोजनाच्या कामापासून सुरुवात करून त्या तेथील दवाखान्यात रुजू झाल्या आणि जवळजवळ दोन वर्षे राहून १९६८ मध्ये मायदेशी परतल्या. त्यांचा सत्तरावा वाढदिवस याच काळातला. येथून घरी लिहिलेल्या त्यांच्या पत्रांचे पुस्तक मुलगा अध्यक्ष झाल्यावर, १९७७ मध्ये प्रसिद्ध झाले. आई हाती कौशल्य घेऊन आली आणि दोन वर्षे राहिली. मुलगा चार दशकांनी प्रसिद्धीचे वलय घेऊन आला आणि आठवडाभर राहिला. दोघांचीही निष्ठा संशयातीत होती. पण एकाच घरातल्या या दोन भेटींत स्वयंसेवेच्या दोन पद्धती दिसतात आणि त्यांची फळेही वेगळी असतात. आईच्या हातून विक्रोळीतील रुग्णांना दिवसेंदिवस सेवा मिळाली. मुलाच्या नावामुळे भारतातील गरिबांच्या घरांचा प्रश्न काही दिवसांपुरता का होईना, जगाच्या पहिल्या पानावर आला.

उपनगरांत अडते कोठे

पाटणसारखा उपक्रम मुंबईच्या उपनगरांत का होऊ शकत नाही, याचा विचार केला की या प्रश्नाचे मूळ हाती लागते. २०११ च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईतील सुमारे ५२ लाख लोक, म्हणजे दर १०० नागरिकांपैकी जवळजवळ ४२ जण झोपडपट्ट्यांत राहत होते. मुंबई उपनगर जिल्ह्याची लोकसंख्या तेव्हा ९३ लाखांच्या पुढे होती. येथील झोपडीवासी कुटुंबाला घर बांधता येत नाही असे नाही. उलट पत्र्याचे, विटांचे, पोटमाळ्याचे घर त्याने स्वतःच्या हाताने वा नाक्यावरच्या गवंड्याला बोलावून एकदा नव्हे, तीनतीनदा बांधलेले असते. पालिकेचे पथक येऊन गेल्यावर दुसऱ्या दिवशी ते पुन्हा उभे राहते. त्याच्याकडे कौशल्य आहे, बांधकाम साहित्य आहे आणि थोडीबहुत बचतही आहे. घराखालची जमीन मात्र त्याची नाही. ती कधी राज्य शासनाची, कधी रेल्वेची, कधी विमानतळाची, कधी वनखात्याची, तर कधी खासगी मालकाची असते.

जमिनीची सुरक्षितता नसल्याने माणसे जेथे कोणी हाकलणार नाही तेथे जातात. डोंगराच्या उतारावर, नाल्याच्या काठावर, संरक्षक भिंतीच्या पायथ्याशी. जुलै २००० मध्ये घाटकोपरला, २६ जुलै २००५ रोजी साकीनाक्याला, जुलै २०१९ मध्ये मालाडच्या पिंपरीपाड्याला, जुलै २०२१ मध्ये चेंबूरच्या भारतनगर व विक्रोळीच्या सूर्यनगरला दरडी वा भिंती कोसळून माणसे झोपेत गाडली गेली किंवा पावसात चिरडली गेली. या यादीतील एकही मृत्यू विटा रचणारे हात कमी पडल्याने झालेला नाही. घर ज्या जागी होते ती जागाच राहण्याजोगी नव्हती आणि दुसरी जागा कोणी दिली नाही, म्हणून ही माणसे गेली. जगातील सर्व स्वयंसेवक एकत्र आले तरी सूर्यनगरच्या उतारावर विटांची आणखी एक भिंत रचून हा धोका टळणार नव्हता.

जमीन मिळाली आणि पक्के घरही मिळाले, तरी काम पूर्ण होत नाही, याचा धडा गोवंडी-मानखुर्दने दिला आहे. राज्यात १९९५ साली सत्तेवर आलेल्या युती सरकारने ४० लाख झोपडीवासीयांना मोफत घरे देण्याची घोषणा केली आणि झोपडपट्टी पुनर्वसनाची सध्याची चौकट उभी राहिली. २२५ चौरस फुटांचे घर पुढे २६९ आणि नंतर ३०० चौरस फुटांचे झाले. प्रकल्पबाधितांसाठी लल्लुभाई कंपाऊंड, नटवर पारेख कंपाऊंड अशा वसाहती झाल्या. तेथील इमारती एकमेकींना इतक्या चिकटून बांधल्या गेल्या की, खालच्या मजल्यांवर ऊन व वारा पोहोचेनासा झाला. 'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेने २०१८ मध्ये पुढे आणलेल्या अभ्यासात या रचनेचा आणि तेथील क्षयरोगाच्या प्रमाणाचा संबंध दाखवण्यात आला. छप्पर मिळाले, पण ते कसे असावे हे राहणाऱ्याला कोणी विचारलेच नाही. घर 'देण्या'च्या वृत्तीतील हा दोष सरकारी आहे तसाच तो सेवाभावीही असू शकतो.

मानखुर्दचा धडा परदेशात

याच्या नेमका उलट प्रवासही मुंबईतूनच झाला. तो फारसा कोणाला ठाऊक नाही. १९८५ मध्ये पदपथांवरील झोपड्या हटवण्याविषयी सर्वोच्च न्यायालयाचा ऑल्गा टेलिस खटल्यातील निकाल आला. भायखळ्याच्या पदपथांवर राहणाऱ्या बायकांवर पुन्हा टांगती तलवार आली. शीला पटेल यांच्या पुढाकाराने १९८४ मध्ये सुरू झालेली 'स्पार्क' ही संस्था, या बायकांचे 'महिला मिलन' हे संघटन आणि जोकिन अर्पुथम यांचा राष्ट्रीय झोपडीवासी महासंघ असे तिघे एकत्र आले. अर्पुथम हे स्वतः मानखुर्दच्या जनता कॉलनीतले. भाभा अणुसंशोधन केंद्रालगतची ही वस्ती १९७६ मध्ये, आणीबाणीत हटवण्यात आली आणि तेथील रहिवाशांना चीता कॅम्प येथे नेण्यात आले. न्यायालय व रस्ता या दोन्ही ठिकाणी ती लढाई हरल्यानंतर, वस्ती पाडली जाण्याची वाट पाहण्यापेक्षा आपलीच योजना घेऊन शासनाच्या दारी जावे, या निष्कर्षाला ते आले होते.

भायखळ्याच्या बायकांनी रोज रुपया-दोन रुपयांची बचत सुरू केली. आपल्या वस्तीची शिरगणती स्वतः केली. मग घर कसे हवे याचा विचार सुरू झाला. कागदावरचा नकाशा वाचता न येणाऱ्या या बायकांनी लाकडी सांगाडा व कापड वापरून खऱ्या मापाचे घर रस्त्यावर उभे केले आणि त्यात फिरून पाहिले. छत १४ फूट उंच ठेवले तर आत माळा काढता येतो आणि वाढत्या कुटुंबाला जागा होते, हा शोध त्यांचा. अशा घरांची प्रदर्शने भरली. महापालिकेच्या व म्हाडाच्या अभियंत्यांना ती पाहायला बोलावण्यात आले. पुढे भायखळ्याच्या पदपथांवरील कुटुंबांची 'मिलन नगर' ही सोसायटी मानखुर्दमध्ये आकाराला आली. रुळांलगतच्या हजारो कुटुंबांचे कांजूरमार्ग व मानखुर्दकडे झालेले स्थलांतरही याच संघटनांनी वस्तीतल्या लोकांच्या हाती ठेवून पार पाडले. त्या कामातही दोष राहिले आणि त्यावर टीकाही झाली. तरी घर कसे असावे हा प्रश्न त्यात राहणाऱ्यांनी आधी विचारावा, हे तत्त्व त्यातून रुजले.

१९९१ मध्ये अर्पुथम दक्षिण आफ्रिकेत गेले. वर्णभेदी राजवट तेव्हा शेवटच्या घटका मोजत होती. मतदानाचा हक्क मिळाल्यावर सरकार आपल्याला आपोआप घरे देईल, असा तेथील वस्त्यांमध्ये विश्वास होता. स्वातंत्र्यानंतरच्या ४० वर्षांचा भारतीय अनुभव त्यांनी सांगितला. नंतर तेथील बायका मुंबईत आल्या, भायखळ्याच्या पदपथांवर बसून बचतीची पद्धत शिकल्या आणि मुंबईच्या बायका तिकडे गेल्या. १९९४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत बेघरांचा महासंघ स्थापन झाला. केप टाउनच्या फिलिपी भागातील व्हिक्टोरिया म्सेंगे वस्तीतील बायकांनी सरकारी अनुदानाच्या तेवढ्याच रकमेत ठेकेदारांच्या घरांपेक्षा मोठी घरे स्वतः बांधून दाखवली. १९९६ मध्ये या देवघेवीतून झोपडीवासीयांची आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली. अर्पुथम यांना २००० साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ऑक्टोबर २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले.

परदेशी जाऊन गरजू कुटुंबांना घरे बांधण्यास मदत करण्याचे हे मुंबईचे उदाहरण होय. पदपथावरच्या या बायकांनी तेथे एकही वीट रचली नसती तरी चालले असते. त्यांनी नेला तो अनुभव. हिशेब कसा ठेवायचा, ठेकेदाराला काय विचारायचे, अधिकाऱ्यासमोर कसे बसायचे आणि घराचे माप आपण कसे ठरवायचे, हा तो अनुभव. तो विमानाच्या तिकिटापेक्षा महाग होता आणि तिकडे खरोखर त्याचीच उणीव होती.

असेच मराठवाड्यातही घडले. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात सुमारे आठ हजार माणसे दगावली. ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली. देशभरातील दात्यांनी गावेच्या गावे बांधून दिली. भावना मोठी होती. पण चौकोनी आखणीच्या त्या नव्या गावांत गोठा कोठे, बलुतेदारांची आळी कोठे, बाईने धुणेभांडी कोठे करायची, याची उत्तरे नव्हती. ज्या गावांत मूळ जागीच दुरुस्ती व मजबुतीकरण झाले, तेथे प्रेमा गोपालन यांच्या 'स्वयम् शिक्षण प्रयोग' या संस्थेने गावातील बायकांना 'संवाद सहायक' म्हणून उभे केले. अनुदानाचा हप्ता आला का, सिमेंट किती पडले, कोपऱ्यात पोलादी सळई घातली का, यावर या बायकांनी लक्ष ठेवले. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये भूकंप झाला तेव्हा लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील याच बायका तिकडे गेल्या आणि तेथील बायकांना आपला अनुभव सांगितला. कच्छमध्ये बहुतेक कुटुंबांनी शासनाच्या हप्त्यांवर स्वतःची घरे स्वतः उभी केली, ही बाब येथे लक्षात घेण्याजोगी आहे.

निघण्यापूर्वी विचारायचे प्रश्न

मुलुंड-बोरिवलीतल्या ज्या घरांत आज मुलाला वा मुलीला परदेशातील अशा उपक्रमाला पाठवण्याचा विचार होत असेल, त्यांनी काही प्रश्न आधी विचारावेत. जेथे जायचे तेथे गवंडी व मजूर मिळत नाहीत काय? मिळत असतील तर आपण त्यांच्या रोजगारावर पाय देत आहोत काय? आपण भरलेल्या रकमेपैकी किती भाग बांधकामावर जातो आणि किती आपल्या राहण्याजेवण्यावर व मध्यस्थावर? घर ज्या जमिनीवर उभे राहणार ती कुटुंबाच्या नावावर आहे काय आणि असल्यास पतीच्या एकट्याच्या की दोघांच्या? घराचा आराखडा कोणी ठरवला? आपण परतल्यानंतर छप्पर गळू लागले तर त्या कुटुंबाने कोणाकडे जायचे? काम बांधकामाचे नसून अनाथालयातील मुलांचे असेल तर अधिकच सावध राहावे. नेपाळसारख्या देशात पाहुण्यांच्या पैशासाठी, आईवडील हयात असलेल्या मुलांनाच अनाथ म्हणून ठेवल्याची प्रकरणे उघडकीस आली आहेत.

या प्रश्नांची सरळ उत्तरे देणाऱ्या संस्था आहेत आणि त्यांच्यासोबत जरूर जावे. 'हॅबिटॅट'सारख्या संस्थेची हप्त्यांची पद्धत व कुटुंबाचा सहभाग हे या कसोटीवर तिच्या बाजूचे मुद्दे ठरतात. पण जाणाऱ्याने आपण घर बांधायला जात आहोत असे न समजता शिकायला जात आहोत असे समजावे. तसे समजले तर आठवडाभराचा मुक्कामही वाया जात नाही. परतल्यावर शिकलेले कोठे वापरायचे, हा खरा प्रश्न मग उभा राहतो आणि त्याचे उत्तर शोधायला लांब जावे लागत नाही. विधी शाखेच्या विद्यार्थ्याला पात्रतेच्या कागदपत्रांत अडकलेली कुटुंबे कुर्ल्यात भेटतील. वास्तुशास्त्राच्या विद्यार्थिनीला ऊन न पोहोचणारे जिने गोवंडीत भेटतील. हिशेब येणाऱ्याला सोसायटीच्या देखभाल निधीचे जमाखर्च न लागलेली पुनर्वसन इमारत अंधेरीत सापडेल. पुनर्वसनाच्या घरात आल्यानंतर लिफ्टची दुरुस्ती, पाण्याचा पंप आणि महिन्याची वर्गणी यांत बुडालेल्या सोसायट्यांना अशा मदतीची गरज आहे. तिचे छायाचित्र मात्र आकर्षक निघत नाही.

मदतीची किंमत ती कोठून आली यावर ठरत नाही. घेणाऱ्याजवळ जे नाही ते तिने दिले की नाही, यावर ती ठरते. पन्नासच्या दशकात आनंदवनाला सोबत हवी होती, साठच्या दशकात विक्रोळीच्या दवाखान्याला परिचारिका हवी होती, नव्वदच्या दशकात केप टाउनच्या बायकांना अनुभव हवा होता. त्या त्या वेळी ते परक्या माणसांनी आणून दिले. पाटणच्या कुटुंबांना परवडणारे कर्ज आणि हक्काचा भूखंड हवा होता. त्या आठवड्यातील खरी मिळकत ती होती, विटा तर गावच्या गवंड्यांनीही रचल्या असत्या. मुंबईच्या उपनगरांना आज हवी आहे ती सुरक्षित जमीन, राहणाऱ्याला विचारून आखलेले घर आणि ते टिकवण्याची क्षमता. यांतील पहिली गोष्ट कोणताही स्वयंसेवक देऊ शकत नाही. ती शासनाने द्यायची आहे आणि ती मागण्याचे काम नागरिकांचे आहे. उरलेल्या दोन गोष्टींना मात्र हात लागू शकतात आणि ते लावायला विमानाची वाट पाहावी लागत नाही.